अंबुबाईंच्या वेली

चेन्नईत मला कुणी लोकरी स्वेटर घालून उभं राहायला सांगेल असं कधी वाटलं नव्हतं. पोरूरला राहायला गेलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, घरमालकीण अंबुबाई जिना चढून गच्चीवरच्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. हातात मरून रंगाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा स्वेटर होता.

"कण्णा, हा घाल आणि पाच मिनिटं खाली ये," त्या म्हणाल्या. "वेलीपुढे उभं राहायचं आहे."

बाहेर अंग भाजत होतं. पण मी नवा भाडेकरू होतो, आणि शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं करायचं असतं एवढं माझ्या अंगात मुरलेलं होतं. अंबुबाई निवृत्त शिक्षिका आहेत हे मला खोली घेतानाच कळलं होतं. मी स्वेटर चढवून खाली गेलो.

कुंपणाच्या भिंतीवर लोखंडी जाळी ठोकलेली होती आणि तिच्यावर वेगवेगळ्या वेली चढवलेल्या होत्या. प्रत्येकीचं मूळ एकेका अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये. बाईंनी मला खांदे धरून एका वेलीपुढे उभं केलं. तिला लहान, नारिंगी, नळीसारखी फुलं होती. हनुवटी जरा डावीकडे वळवली. "थोडा हस," म्हणाल्या. "तेवढा नाही." मग त्या मागे मागे जात धुण्याच्या दगडापाशी थांबल्या, चष्मा काढला आणि डोळे बारीक न करता माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा लावला.

"नाही. ही नाही."

मग त्यांनी मला पेलाभर ताक दिलं, त्यात आलं आणि कढीपत्ता ठेचून घातलेला. का उभं केलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील बाजार समितीत शिपाई. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आईने नकाशात चेन्नई शोधायला सांगितलं आणि बोट ठेवल्यावर म्हणाली, "पुढं समुद्रच आहे की रे." पोरूरच्या चौकातून कंपनीची बस सुटायची म्हणून मी तिथे खोली शोधत होतो. फाटकाच्या खांबावर अंबुबाई राव असं नाव दिसलं, आणि आतून कुणीतरी मराठी वाटेल असं काहीतरी बोलताना ऐकू आलं.

वाटेल असं म्हणतो, कारण ती तंजावरकडची मराठी होती. बाईंचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. त्या 'सगळे' म्हणायच्या जागी 'अस्क' म्हणत, छान झालं की 'बेष' म्हणत, आणि वाक्याची चाल तमिळसारखी उतरत जाई. माझी मराठी ऐकून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या की तू बातम्या वाचल्यासारखा बोलतोस. त्यांची भाषा जशीच्या तशी लिहिणं मला जमणार नाही, म्हणून इथे त्यांचं बोलणं मी माझ्याच मराठीत लिहितो आहे. माझ्याशी त्या मराठीत बोलत, एक 'कण्णा' म्हणजे 'बाळा' सोडून, आणि वेलींना तमिळमध्ये रागावत.

वेलींना त्यांनी नावं ठेवली होती. त्या पहिल्या रविवारी माझ्यामागे होती ती लहान नारिंगी फुलांची वेल वर्षभर फुलायची, ती 'वायाडी', म्हणजे बडबडी. जांभळ्या फुलांच्या एका वेलीची पानं चुरली की लसणाचा वास यायचा. शेजारचे वरदन मामा भिंतीपलीकडून म्हणायचे, "टीचर, रसमला आजची फोडणी तुमच्या वेलीची का?" एक वेल कडुलिंबासारख्या दातेरी पानांची होती, काड्यांना बारीक मुळं फुटून भिंतीला चिकटणारी. ती डोंगरातली, इथे नाखुशीने जगणारी. आणि पंपाजवळच्या कोपऱ्यातल्या ड्रममध्ये एक हिरवीगार वेल होती, जिला मी कधीही कळी धरलेली पाहिली नाही. तिचं नाव 'सोंबेरी', आळशी. पूनमल्ली रस्त्यावरच्या नर्सरीतून इतर वेलींबरोबर ती पिवळ्या फुलांची म्हणून आलेली होती. पानांची जोडी आणि आधाराला धरणारा, टोकाला तिहेरी फुटणारा तणावा पिवळीसारखाच, म्हणून बाईंनी तिला पिवळी मानून सोडून दिलं होतं. त्यांना पिवळी नकोच होती. टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून ती राहिली होती.

या सगळ्या कर्ण्यासारख्या फुलांच्या वेली. एवढ्या एकाच जातीकुळीच्या वेली कुणी का लावेल, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

आणखी एक गोष्ट कळायची नाही. बाई कुठलाच फोन कापत नसत. कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुली, विमा विकणारी मुलं, चुकून लागलेले नंबर, सगळ्यांशी बोलत. मी खाली पाणी भरायला आलो की ऐकू यायचं. समोरच्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत त्या गप्प बसत, मग हळू विचारत, "तुम्ही कुठून बोलता? तिकडे आता थंडी आहे का? स्वेटर घालता का?" बहुतेक जण फोन ठेवून देत. एखादी मुलगी हसून सांगायची की आमच्याकडे थंडी नाही हो. मग बाई तिला आशीर्वाद देत आणि कर्ज नको म्हणून सांगत.

अंगणाचं फाटक त्या कधी कुलूपबंद करू देत नसत. घराच्या भिंतींचा फिका हिरवा रंग पोपडे धरून सुटला होता, तरी रंग काढू देत नसत. एका बिल्डरचा माणूस अधूनमधून यायचा, समोरच्या जागेत चार मजले झाले होतेच. बाई त्याला कॉफी पाजत आणि परत पाठवत. मी एकदा सहज म्हणालो की बाई, निदान भिंती तरी रंगवून घ्या. त्या म्हणाल्या, "रंग बदलला आणि कुणी बाहेरूनच परत गेलं तर?"

पुढे वरदन मामांनी मला सांगितलं. त्यांच्या बोलण्यात नेहमी टोमणा असायचा, त्या दिवशी नव्हता.

बाईंचा एकुलता एक मुलगा, श्रीनाथ. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कळलं तेव्हा घरात पाहुणे होते. वडील रेल्वेच्या कचेरीत होते, शब्दाचे पक्के. ते चारचौघांत म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. "तो मुलगा लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा," मामा म्हणाले. "नाही आला."

पोलिसांत जाऊन आले. तिथे सांगितलं की मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेला आहे. नंबर बंद झाला. मग बऱ्याच महिन्यांनी त्याच्या एका वर्गमित्राला कुणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर टाकलेल्या फोटोत तो दिसला. मित्राने तो फोटो उतरवून बाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले तर ते खातंच बंद झालेलं होतं. फोटोत श्रीनाथच्या अंगात मरून स्वेटर आहे आणि मागे कसल्याशा वेलीच्या नारिंगी फुलांचा पडदा आहे. पाटी नाही, रस्ता नाही, दुकान नाही. फक्त वेल.

"टीचर शाळेत झाडंझुडपंच शिकवायच्या," मामा म्हणाले. "त्यांना वाटतं, वेल ओळखली की गाव ओळखता येईल."

तो स्वेटर बाईंनी त्या रंगाचा शोधून विकत घेतला होता, हे मला तेव्हा समजलं. आणि धुण्याच्या दगडापाशी जाऊन चष्मा का काढतात तेही. फोटो धूसर होता. वेलीसुद्धा तेवढ्याच धूसर करून बघायच्या होत्या.

मला फोटो त्यांनी दाखवला नव्हता. पुढे एकदा म्हणाल्या, "रोज ज्यांचं तोंड बघायचं त्यांना दाखवत नाही. दाखवला की माणसं माझ्याकडे वेगळी बघायला लागतात." मीही मागितला नाही. महिन्यातून एकदा-दोनदा, एखादी वेल फुलली की हाक यायची, मी स्वेटर घालून उभा राहायचो, आणि त्या म्हणायच्या, "नाही. ही नाही."

पण त्यानंतर त्या माझ्याशी त्या शोधाबद्दल बोलायला लागल्या. मला शाळेतल्या मुलासारखं शिकवत. "पान बघ, फूल नंतर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फुलाचा रंग उन्हाने बदलतो, फोटोत तर हमखास बदलतो, पानाची कड बदलत नाही. त्यांच्या फोटोत श्रीनाथच्या कानाजवळ एकच पान दिसत होतं. त्याची कड सरळ वाटत होती. पण धूसर झालं की दाते दिसेनासे होतात, म्हणजे ते दातेरीही असू शकतं. हे सिद्ध करायला त्यांनी दातेरी पान माझ्या कानामागे खोचून, चष्मा काढून, ऊन कमी-जास्त असताना कितीदा पाहिलं असेल. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणी करायचो, पण बघणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं.

डोंगरातली गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. मला कावीळ झाली होती आणि मी आठवडाभर त्यांच्या ओसरीवर पडून होतो. त्या मला पेज भरवत, पथ्याचं करून घालत. माझ्या आईला फोनवर सांगत की काळजी नका करू, तो माझ्या नजरेसमोर आहे. त्यातल्या एका दुपारी, मी डोळे मिटून पडलो असताना, त्या आपणहून बोलायला लागल्या.

फोटो आला तेव्हा त्यांनी आणि श्रीनाथच्या वडिलांनी, रावांनी, पहिल्यांदा स्वेटरच पाहिला होता. त्या घरात कुणी जन्मात लोकर अंगात घातलेली नव्हती. स्वेटर म्हणजे बर्फ, बर्फ म्हणजे उत्तरेचे डोंगर. बाईंच्या एका जुन्या मैत्रिणीने फोटो पाहून सांगितलं की डोंगरातल्या गावांत अशी एक नारिंगी वेल होते खरी. मग दोघं डिसेंबरात उत्तरेतल्या एका थंड हवेच्या गावी गेले. उसन्या कानटोप्या, दोन दोन शाली. एका शाळेच्या भिंतीवर ती वेल सापडली. नुसत्या सुक्या काड्या होत्या. माळी म्हणाला, थंडीत हिची पानं झडतात, पावसात या, तेव्हा फुलते.

"राव त्या काड्यांपुढे उभे राहून रडले," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर. सगळ्यांदेखत. ज्या माणसाने त्याला सगळ्यांदेखत जा म्हणून सांगितलं, तो."

पुढच्या पावसाळ्याआधी राव वारले. पावसाळ्यात बाई एकट्या त्या डोंगरात परत गेल्या. तिथे पावसाळ्यातही लोक स्वेटर घालतात, म्हणून आशा होती. वेल फुललेली होती. गावभर फोटो दाखवत हिंडल्या. फुलं सारखी वाटत होती आणि वाटतही नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं की आधी वेल पक्की ओळखायची, मगच पाऊल उचलायचं. घरी येऊन पहिला निळा ड्रम कापून घेतला.

मी डोळे मिटूनच ऐकत होतो. त्यांना ते कळत होतं बहुधा.

पुढच्या डिसेंबरात वादळ आलं. दोन दिवस पाऊस थांबला नाही. पोरूरचं तळं भरलं, आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि कंपनीने सुट्टी दिली. सकाळी मी खाली आलो तर बाई मांडीएवढ्या पाण्यात उभ्या राहून एक ड्रम ओढायचा प्रयत्न करत होत्या. जाळी एका बाजूने कोसळली होती. मी धावलो. भिंतीवरून वरदन मामा लुंगी आवळून उतरले. त्यांचं वय बाईंच्याहून जास्त. आम्ही दोघांनी एकेक ड्रम ओसरीवर चढवला. मागे स्वयंपाकघरात पाणी जात होतं.

"टीचर, आधी फ्रिज उचलू का?" मामांनी विचारलं.

"फ्रिज मला कुणाशी जुळवून बघायचा नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी पुढच्या ड्रमला हात घातला. शेवटचा ड्रम सोंबेरीचा होता, सगळ्यांत जड. मामा म्हणाले, ही तरी राहू दे, हिने कधी एक फूल दिलं नाही. पण पाण्यात उभं राहून माणूस हट्टी होतो. तीही आम्ही उचलली.

त्या गडबडीत बाईंचा फोन पाण्यात पडला. तो काही केल्या सुरू होईना. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि तसा चेहरा मला परत कुणाचा पाहायचा नाही. फोटोची छापील प्रत होती, पण पहिला फोटो फोनमध्ये होता, तो मोठा करून बघता यायचा. मी फोन पुसून, उघडून, तांदळाच्या डब्यात ठेवला. वीज आली त्या संध्याकाळी तो सुरू झाला. बाईंनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेव. आणखी दोन ठिकाणी ठेव. माझा आता कशावर भरवसा नाही."

अशा तऱ्हेने मी श्रीनाथला पहिल्यांदा पाहिलं. हसरा, कानाजवळ केस वाढलेले, कुणाचा तरी हात खांद्यावर. मी त्याच्याकडे बघायचं सोडून त्याच्या मागे बघत राहिलो. दाट, लांबोडक्या, नारिंगी फुलांचे घोस, वरून खाली ओतल्यासारखे. पानं जवळजवळ दिसतच नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "ही संक्रांतवेल आहे."

त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो. आमच्या गावात पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह आहे, त्याच्या कुंपणाला ही आहे. वर्षभर नुसती हिरवी असते. संक्रांतीच्या सुमाराला अशी पेटते. आम्ही शाळेत जाताना हिची फुलं तोडून मागून मध चोखायचो.

"तिथे बर्फ पडतो?"

"नाही हो. आमचं गाव उन्हाचं. पण पौषात सकाळी सगळेच स्वेटर घालतात. माझे वडील दहा वाजेपर्यंत काढत नाहीत."

बाई उठल्या, ओसरीवरच्या ड्रमांपाशी गेल्या आणि सोंबेरीची एक फांदी हातात घेतली. पानांची जोडी. सरळ कड. मध्ये तणावा, टोकाला तिहेरी. त्यांनी मला विचारलं की ही का? मी प्रामाणिकपणे म्हणालो की मला सांगता येणार नाही, मी तिला फुलल्याशिवाय कधी पाहिलंच नाही, म्हणजे पाहिलं असेल, पण लक्ष दिलं नाही. त्यांनी कपाटातून कॉलेजच्या काळातलं जाड पुस्तक काढलं. पिवळीचा तणावा नखासारखा वाकडा आणि टोचरा असतो. सोंबेरीचा दोऱ्यासारखा मऊ होता. त्यांनी तो बोटाला गुंडाळून पाहिला, सोडला, परत गुंडाळला.

"या हवेत ही फुलणार नाही," त्या म्हणाल्या. "हिला थंडी लागते." आणि मग अगदी हळू, "इतकी वर्षं माझ्याच पंपाजवळ."

पोंगलला कारखाना बंद असतो आणि संक्रांत त्याच दिवसांत येते. मी घरी जाणार होतो. बाई माझ्याबरोबर आल्या. गाडीत त्या खिडकीशी बसून होत्या. पठार लागलं आणि सकाळी रुळांकडेच्या वस्त्यांत स्वेटर घातलेली माणसं दिसायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

आईने त्यांचे पाय धुतले. "ताई, माझ्या पोराला काविळीत जगवलंत," म्हणाली, आणि पदराने ते पुसले. बाईंना आमच्या घरात कुठे बसवावं हे कुणाला कळेना. वडिलांनी शेजारून खुर्ची आणली. बाई म्हणाल्या, आधी वेल बघू.

विश्रामगृहाचं कुंपण दुरूनच दिसलं. ऊन नुकतं वर आलेलं, आणि सगळं कुंपण नारिंगी. बाई रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. पिशवीतून स्वेटर काढून मला दिला. तो घालून पहिल्यांदाच मला घाम आला नाही. मी वेलीपुढे उभा राहिलो, हनुवटी डावीकडे, थोडा हसलो. बाईंनी चष्मा काढला.

माझे वडील बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते, देवळात उभं राहावं तसे.

"हीच," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एकेकाच्या. वेल सापडली की तो तिथेच कुठेतरी असेल, असं त्यांना मनातून वाटत होतं. सायकलवरून एक दूधवाला गेला. दोन मुली शाळेला निघाल्या होत्या.

मग माझे वडील, त्यांना धीर द्यावा म्हणून, म्हणाले, "बाई, ही तर आपल्याकडं कुठंबी दिसती. हायस्कूलला हाय, साखर कारखान्याच्या कॉलनीला हाय. तिकडं पार पुण्यापर्यंत हाय, खाली बेळगावलाबी बघितली मी. दावतो चला सगळी."

त्यांनी खरंच दाखवली. आम्ही दुपारपर्यंत हिंडलो. हायस्कूल, कॉलनी, डॉक्टरांचा बंगला. प्रत्येक ठिकाणी बाईंनी फोटो दाखवला, लोकांनी आपलेपणाने पाहिला, माना हलवल्या. प्रत्येक ठिकाणी तोच पडदा होता, तेच घोस, कुठेही माणूस उभा केला तर तोच फोटो निघाला असता. इतके दिवस त्यांना वाटत होतं की नाव कळलं की नकाशा लहान होत जाईल. आता तो त्यांच्या डोळ्यांसमोर पसरत चालला होता. शेवटी त्या कॉलनीबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या.

"अस्क भिंती त्याच रे," त्या म्हणाल्या. "अस्क त्याच."

वडिलांनी त्यांच्यासाठी पाणी आणलं. आईने बांधून दिलेला तिळगूळ त्यांच्या मुठीत तसाच होता, घामाने चिकट झालेला.

परत आल्यावर बाईंनी बाकीच्या वेली काढून टाकल्या. लसणाच्या वासाची मामांनी नेली, रसमबद्दल एकही विनोद न करता. वायाडी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या देवळात गेली. सोंबेरीला ड्रममधून काढून जमिनीत लावलं. मी एकदा विचारलं की बाई, जी इथे फुलणार नाही तिला पाणी का घालायचं? टँकरचं पाणी त्या उन्हाळ्यात सगळ्यांना मोजून मिळत होतं. त्या म्हणाल्या, "फुलली नाही तरी तीच. त्याच्या मागे आहे ती."

फोन घेणं त्यांनी थांबवलं नाही. फक्त प्रश्न बदलला. आता त्या विचारत, "तुमच्याकडे संक्रांतीला फुलणारी एक नारिंगी वेल आहे का?" पलीकडून हो म्हणणारे फार होते.

पुढे मला चाकणला नोकरी मिळाली. सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिकडे फुलते?" फुलते म्हणालो. "मग बघत जा," म्हणाल्या. मी बघतो. दर पौषात, ज्या ज्या कुंपणावर ती दिसते, तिथे मी आधी तिच्यापुढे उभ्या माणसाचा चेहरा बघतो. ही सवय आता जाणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीच्या कामाने ओरगडमला गेलो होतो. परतीच्या विमानाआधी थोडा वेळ होता. ड्रायव्हरला म्हटलं, जरा पोरूरला गाडी घे. फाटक उघडंच होतं. भिंतींचा हिरवा रंग आता जवळजवळ गेला होता. सोंबेरीने सगळी भिंत झाकली होती, जाड, हिरवीगार, एकही फूल नाही. बाई ओसरीवर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. मामा गेल्या वर्षी गेले, त्यांनी सांगितलं. आईची चौकशी केली. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं.

मी निघायला उठलो तेव्हा त्या आत गेल्या आणि स्वेटर घेऊन आल्या. डांबराच्या गोळ्यांचा तोच वास.

"बाई, फुलं नाहीत आता," मी म्हणालो.

"माहीत आहे. घाल."

मी घातला. वेलीपुढे जाऊन उभा राहिलो, हनुवटी न सांगता डावीकडे वळली. बाई भिंतीचा आधार घेत धुण्याच्या दगडापर्यंत गेल्या. त्यांनी चष्मा काढला. त्या वेलीकडे बघत नव्हत्या.

"थोडा हस," त्या म्हणाल्या.

मी हसलो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, थोड्या वेळाने परत वाजला. या अंगणात दर वेळी शेवटी त्या 'नाही, ही नाही' म्हणायच्या आणि मी स्वेटर काढायचो. त्या दिवशी त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मी घामाने भिजत, हलायचं नाही असं ठरवून, तसाच उभा राहिलो.